आयनोसोंड आणि रडार यांच्या नोंदी कशा ताडून पाहाव्यात

नॉर्वेतील ट्रोम्सोजवळ रामफ्योर्डमोएन येथे आयस्कॅट या युरोपीय वैज्ञानिक संस्थेचे यूएचएफ (अतिउच्च वारंवारतेचे) रडार १९८१ पासून ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यातील आयनांबराची, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाची, मोजणी करत आले असून तेथेच आयनोसोंड, म्हणजे रेडिओ स्पंद सोडून त्यांचे प्रतिध्वनी नोंदवणारे उपकरणही आहे. या दोन्हींच्या नोंदी ताडून पाहायच्या असतील, तर सुरुवात आयनोसोंडपासून करावी, कारण इलेक्ट्रॉनांच्या घनतेचे खात्रीचे माप त्याच्याकडे असते.

आयनोसोंड चढत्या वारंवारतेचे स्पंद आकाशात सोडते. आयनांबरातील थराच्या कमाल घनतेशी जुळणारी वारंवारता ओलांडली, की लहर आरपार निघून जाते आणि त्या सीमेशी आयनोग्रामवरची (वारंवारतेसमोर प्रतिध्वनीची उंची दाखवणाऱ्या आलेखावरची) रेषा सरळ उभी चढते. एफ थरासाठी, म्हणजे आयनांबराच्या सर्वांत दाट थरासाठी, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे लहर दोन प्रकारांत विभागत असल्याने अशा दोन रेषा सुमारे ०.७ मेगाहर्ट्‌झ अंतराने दिसतात. त्यांपैकी डावीकडची, म्हणजे साधारण लहरीची, वाचावी. घाईत उजवीकडची वाचली गेली, तर पुढचे सारे गणित चुकते. वाचलेल्या मेगाहर्ट्‌झच्या वर्गाला १२,४०० ने गुणले, की दर घनसेंटीमीटरमधील इलेक्ट्रॉन मिळतात: ५ मेगाहर्ट्‌झला ३ लाख १० हजार. येथे ०.१ मेगाहर्ट्‌झची चूक घनतेत ४ टक्क्यांची होते. उंची मात्र आयनोग्रामवरून थेट घेऊ नये. आयनांबरात स्पंद मंदावत असल्याने दिसते ती भासमान उंची असते, खऱ्याहून जास्त.

रडारची सुमारे ९३० मेगाहर्ट्‌झची लहर परावर्तित होत नाही, तिचा इलेक्ट्रॉनांकडून विखुरलेला अतिशय क्षीण अंश तेवढा परत येतो. म्हणूनच एफ थराच्या शिखरापलीकडचा, आयनोसोंडला जमिनीवरून कधीच न दिसणारा भाग रडारला दिसतो, शिवाय तापमाने आणि वेगही मिळतात. पण परतलेल्या शक्तीवरून घनता काढण्यासाठी लागणारा स्थिरांक आयनोसोंडच्या कमाल घनतेवरूनच ठरवावा, आणि त्याआधी तापमानाची दुरुस्ती अवश्य करावी: इलेक्ट्रॉनांचे तापमान आयनांच्या दुप्पट असेल, तर खरी घनता कच्च्या आकड्याच्या दीडपट असते.

हा स्थिरांक शांत वेळीच काढावा. ध्रुवीय प्रकाशाची कमान डोक्यावरून सरकत असताना रडारचा झोत २५० किलोमीटर उंचीवर जेमतेम तीन किलोमीटर रुंद असतो, तर आयनोसोंड दूरच्या बाजूंचे प्रतिध्वनीही पकडते. मग दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असूनही जुळत नाहीत. चुंबकीय वादळ वाढले, की आयनोग्राम पुष्कळदा कोराच येतो. अशा वेळी उपकरण बिघडले किंवा थर नाहीसा झाला असे मानण्यापूर्वी त्याच मिनिटांची रडारची नोंद ९० किलोमीटरच्या खाली तपासावी. तेथे घनता वाढलेली आढळली, तर स्पंद त्या खालच्या थरातच शोषले गेले आहेत.