सिलेंडर जास्त दिवस पुरला, तर नेमकं काय वाचलं?

आमच्या बचत गटात आम्ही बायका गॅसची वही ठेवतो, म्हणजे टाकी किती दिवस पुरली याची नोंद. ती प्रत्येक घरात असावी असं मला मनापासून वाटतं. भारताला लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी सुमारे 60 टक्के गॅस बाहेरून येतो. त्यातला मोठा वाटा कतार, अमिराती, सौदी, कुवेत इथून होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून येतो. तिकडे तोफा धडाडल्या की इथे आपल्या कुकरखालची आच धोक्यात येते.

आधी वजन. घरगुती सिलेंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. रिकाम्या टाकीचं वजन तिच्यावरच लिहिलेलं असतं. सिलेंडर आणणाऱ्या दादांना काटा लावायला सांगा आणि आलेल्या आकड्यातून ते वजन वजा करा. भिडेखातर गप्प बसू नका, तो तुमचा हक्क आहे. मग टाकी लावल्याची आणि संपल्याची तारीख वहीत टाका. शेजारी जेवणारी माणसं किती होती तेही लिहा, नाहीतर दिवाळीला लेक-जावई राहून गेले की सगळा हिशोब फसतो.

वापर कमी करायचा तर हरभरा, राजमा रात्रीच भिजत घाला. भाजीवर खोलगट झाकण ठेवून त्या झाकणात पाणी ओता. कुकरची पहिली शिट्टी झाली की आच बारीक करा. ज्योत पिवळी दिसली, भांड्याची बुडं काळी पडू लागली, तर शेगडी गार झाल्यावर बर्नरची भोकं सुईने मोकळी करा.

आता वहीचा अर्थ लावा. घरात इंडक्शन आलं असेल तर वीजबिलातले युनिटही लिहा. गॅस घटला आणि युनिट वाढले, तर वापर कमी झाला नाही, इंधन बदललं. देशाला तरीही त्याचा उपयोग आहे, कारण आपली बरीचशी वीज देशातल्याच कोळशावर होते. धूर मात्र चंद्रपूर-कोराडीच्या लोकांना सोसावा लागतो, म्हणून छतावर सौर पॅनेल बसवता आलं तर फारच चांगलं.

आणि एखाद्या घरी टाकी सहा-सहा महिने पुरत असेल, तर कौतुक करण्याआधी परसात डोकावा. 2016 पासून उज्ज्वला योजनेत शेगडी घरोघर पोहोचली, पण टाकी भरायला पैसे नसले की बाई पुन्हा सरपण गोळा करते. कागदावर हेही बचतीसारखंच दिसतं, त्यामुळे अशा नोंदीपुढे आम्ही ‘चूल’ असं लिहितो आणि पुढची टाकी भरायला गटातून बिनव्याजी पैसे देतो.