पेलेटचा लॉट तपासताना

दहा मीटर एअर रायफल शिकवायला लागून मला अकरा वर्षं झाली, इथेच कोल्हापुरात. मुलीचे गुण घसरले की पालक आधी जॅकेटवर संशय घेतात, मग रायफलवर. मी आधी पेलेटचा, म्हणजे रायफलच्या शिशाच्या छोट्या गोळ्यांचा, डबा मागते.

मागच्या पावसाळ्यात माझी एक विद्यार्थिनी ६१८ वरून ६१२ वर आली. ब्रँड तोच, हेड साईजही (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिमीत) तीच, ४.४९. डबा उलटा केला तर लॉट नंबर, म्हणजे एका वेळी बनलेल्या मालाचा नंबर, वेगळा. ६० शॉटमध्ये ६ गुण म्हणजे शॉटमागे ०.१, आणि टार्गेटवर ०.१ म्हणजे पाव मिलिमीटर. एवढासा फरक खांद्यावर रायफल धरून कळणारच नाही. म्हणून तपासणीत माणूस मधे नको.

जड टेबलाला सुताराचा शिकंजा पक्का बोल्ट करा. जबड्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळा आणि रायफल दस्त्याकडून धरा. नळीला काहीही टेकता कामा नये. टार्गेटच्या कागदामागे पेलेट अडवणारा ट्रॅप हवाच, डोळ्यांना चष्मा हवा. रायफलच्या हवेच्या सिलिंडरचा दाब प्रत्येक ग्रुपला (एकाच जागी सलग मारलेल्या शॉटना) साधारण सारखा ठेवा.

पेलेट बदललं की पहिले दहा शॉट मोजायचे नाहीत. शिसं मऊ असतं. आधीच्या पेलेटचा थर नळीत असतो, तो नव्याचा व्हायला वेळ लागतो. मग दहा शॉटचा एक ग्रुप. नवा ग्रुप घ्यायला कागद सरकवा, रायफलला हात लावू नका. छिद्रं मधोमध पडली नाहीत तरी चालेल, आपल्याला फक्त ती किती पसरली ते बघायचंय.

पाचच्या ग्रुपवर कधीच निर्णय घेऊ नका, हे मी कळकळीने सांगते. त्या मुलीच्या रायफलवर ४.५० हेड साईजचे पहिले पाच शॉट जवळजवळ एकाच छिद्रातून गेले. तिच्या वडिलांनी तिथेच डबे मागवायला फोन काढला. मी थांबवलं. सातवा शॉट उजवीकडे स्पष्ट वेगळा पडला आणि पुढच्या ग्रुपमध्येही तसंच झालं. प्रत्येक लॉटचे निदान तीन ग्रुप घ्या, तेही फिरवून: आधी अ, ब, क, मग क, ब, अ. एकाच लॉटचे सगळे ग्रुप सलग घेतले तर दिवसभरात झालेला दुसराच काही बदल त्याच्या नावावर लागतो.

व्हर्निअरने छिद्रांच्या बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत मोजा आणि त्यातून पेलेटचा व्यास, ४.५ मिमी, वजा करा. तिच्या जुन्या लॉटचे थोडे पेलेट शिल्लक होते, त्यांचा ग्रुप कडेपासून कडेपर्यंत ६.२ मिमी आला, म्हणजे १.७. नव्याचा ७.८, म्हणजे ३.३. कारण समोर होतं. पोरीने सुटकेचा श्वास सोडला; महिनाभर ती स्वतःलाच दोष देत होती.

पेलेट कापडावर ओता, टिनच्या डब्यात खडखडवू नका. मागची कड चेपलेली असेल तर ते पेलेट बाजूला काढा. वजन करत बसण्यापेक्षा हे जास्त उपयोगी.

लॉट ठरला की त्याच नंबरचे, मोसमभर पुरतील एवढे डबे एकदम घ्या. दुकानदाराला नंबरचा फोटो पाठवा, नुसतं 'तेच द्या' म्हणू नका. आणि साबणाने हात धुतल्याशिवाय जेवणाच्या डब्याला हात नाही, शिसं आहे ते.