द्राक्षाचा रेसिड्यू नमुना कधी आणि कसा द्यावा

व्यापारी दारात आला की रेसिड्यू (फळात उरलेला औषधाचा अंश) तपासायला नमुना द्यायची धावपळ सुरू होते. तेव्हा उशीर झालेला असतो. काढणीची अंदाजे तारीख धरून उलटे मोजा. शेवटच्या फवारणीचा पीएचआय (फवारणी ते काढणीतले किमान दिवस) पूर्ण होऊ द्या, मग नमुना, आणि अहवाल येण्यासाठी चार-सहा दिवस हाताशी ठेवा.

निर्यातीच्या प्लॉटचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची माणसंच घेतात. पण त्याआधी स्वतःच्या खात्रीसाठी तपासणी करत असाल तर बांधाकडचे चार देखणे घड तोडून पाठवू नका. प्लॉटभर नागमोडी फिरा, उन्हातले, सावलीतले, दाट पानांत दडलेले असे सगळे घड घ्या. फवारा सगळीकडे सारखा बसत नाही, जिथे जास्त बसतो तिथे अंशही जास्त सापडतो. घड धुवायचे नाहीत. पिशवी नवी हवी, औषधाच्या खोलीत पडलेली नको (हे सांगावं लागतं, कारण तसं होतं).

युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम लागू होते, म्हणजे 100 टन द्राक्षांत एक ग्रॅम. टाकी नीट न धुता मारलेली पुढची फवारणी किंवा शेजारच्या टोमॅटोवरून वाऱ्याने आलेला तुषारही तेवढ्याला पुरतो. 2010 मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशामुळे आपले कंटेनर युरोपात अडकले होते. ते तर वाढ रोखण्यासाठी वापरलेलं संजीवक, कीटकनाशकही नव्हे. म्हणून प्रयोगशाळेला फवारणीची पूर्ण वही दाखवा, संजीवकांसकट.

नमुना दिल्यावर पुन्हा फवारलंत, तर तो अहवाल त्या मालाचा राहत नाही.