घरातले जुने फोटो: कलाकृतीसाठी आणि मन मोकळे करण्यासाठी कसे वापरावेत

जुन्या फोटोंवर काम करायचे असेल, तर मूळ प्रतीला कात्री, रंग किंवा डिंक लावूच नये. ती ६०० डीपीआयवर (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून घ्यावी आणि पुढचे सगळे काम जाड, मॅट कागदावर काढलेल्या प्रतीवर करावे. भिंतीची ओल लागून तसबिरीतला फोटो काचेला चिकटला असेल, तर तो ओढून न काढता काचेसकट स्कॅन करावा. मागे नावे लिहायची असल्यास मऊ पेन्सिल वापरावी, कारण बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

कॅनडातील मानसतज्ज्ञ जूडी वायझर यांनी उपचारात फोटो वापरण्याच्या ज्या पद्धती मांडल्या, त्यांत कौटुंबिक अल्बम ही एक आहे. फोटोचा अर्थ पाहणारा ठरवतो, हे त्यामागचे तत्त्व. म्हणून ‘आजोबा किती रागीट दिसतात’ असे आपण सुचवू नये. ‘फोटो कोणी काढला?’, ‘चौकटीच्या बाहेर कोण उभे होते?’, ‘फोटो काढून झाल्यावर काय झाले?’ असे विचारावे. ‘का’ने सुरू होणारे प्रश्न टाळावेत, त्यांनी माणूस आठवण्याऐवजी सफाई देऊ लागतो. सोलापूरच्या पूर्व भागातील पद्मशाली, म्हणजे तेलुगू भाषिक विणकर समाजाच्या, घरात आजी मध्येच तेलुगूत बोलू लागली, तर तिला मराठीत आणण्याची घाई करू नये.

कोणते फोटो कधी काढलेच गेले नाहीत, याची यादी करणे मला अल्बम चाळण्यापेक्षाही मोलाचे वाटते. सोलापूरच्या गिरणी कामगाराचा निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार असलेला फोटो सापडेल. घरी विड्या वळून संसार ओढणाऱ्या त्याच्या बायकोचा मात्र लग्नातला किंवा ओळखपत्रावरचाच असण्याची शक्यता अधिक. ब्रिटिश छायाचित्रकार जो स्पेन्स यांनी १९८०च्या दशकात रोझी मार्टिन यांच्यासोबत असे अल्बममध्ये नसलेले प्रसंग स्वतः वठवून त्यांचे फोटो घेण्याची पद्धत विकसित केली. तोच मार्ग घरी हलक्या प्रमाणात वापरता येतो: नातीने विड्या वळायचे सूप मांडीवर घेऊन बसावे आणि आजीने फोटो काढावा. सूप कसे धरायचे, मान किती वाकवायची हे सांगताना आजी जे बोलते, ते समोर बसवून घेतलेल्या मुलाखतीत सहसा येत नाही.

कलाकृतीसाठी सोलापूरच्या विणकर हाताला सोपे पडणारे काम म्हणजे दोन फोटो विणणे. सारख्या आकाराच्या दोन प्रती घ्याव्यात. पहिलीच्या वरच्या बाजूला इंचभर कड सोडून तिला सुमारे एक सेंटिमीटर रुंदीचे उभे काप द्यावेत, हा ताणा. दुसरीच्या तेवढ्याच रुंदीच्या आडव्या पट्ट्या पूर्ण कापून त्यांच्या मागे क्रमांक घालावेत, हा बाणा. पहिली आडवी पट्टी एका उभ्या पट्टीवरून, पुढच्या पट्टीखालून अशी न्यावी आणि दुसरी त्याच्या उलट. चेहऱ्याच्या जागी रुंदी निम्मी ठेवावी, नाहीतर डोळे हरवतात. कोणाचा चेहरा वर ठेवायचा आणि कोणाचा खाली जाऊ द्यायचा, हे ठरवताना विणणारा थबकतो. तेव्हा शेजारी बसलेल्याने गप्प राहावे.

अलीकडचा मृत्यू, घरातील मारहाण किंवा आत्महत्या यांच्याशी जोडलेले फोटो मात्र हौसेने उघडू नयेत. त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकच हवा. बोलताना श्वास अडखळू लागला, हात थरथरू लागले किंवा नजर एकाच जागी खिळून राहिली, तर फोटो पालथा ठेवून, पाणी देऊन त्या दिवसापुरते थांबावे. मानसिक आरोग्यासाठीच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत असून तो दिवसरात्र चालू असतो. तयार झालेले चित्र नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याआधी त्यात दिसणाऱ्या हयात माणसांना विचारावे, आणि एकाने जरी नको म्हटले तरी ते घरातच ठेवावे.