वरण दोनदा करपलं, तेव्हा लक्षात आलेल्या चुका

आईने कुकरच्या शिट्ट्या मोजणं सोडलं तेव्हा घरात सगळ्यांचं एकमत झालं: वय झालं, विसरायला लागली. वरण दोनदा करपलं. मग कान तपासले, तर शिट्टी तिला ऐकूच येत नव्हती.

स्मरणशक्ती जपण्यातली पहिली चूक हीच, कानाकडे दुर्लक्ष. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी, पण बदलता येणारी १४ कारणं दिली आहेत. ती सगळी आटोक्यात आली तर जवळपास ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा अंदाज आहे. त्यात ऐकू कमी येणं आणि वाढलेलं एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, सगळ्यात वर आहेत. ऐकू येईना की बाई गप्पांतून हळूहळू उठूनच जाते, आणि एकटेपणही त्याच यादीत आहे.

कानाचं मशीन आणून कपाटात ठेवणं ही त्याच चुकीची पुढची पायरी. “लग्नाला जाताना घालीन” म्हणे! पहिले काही आठवडे भांड्यांचा आवाज डोक्यात जातो. तेव्हा मशीन काढून ठेवू नका, जिथून घेतलं तिथे जाऊन आवाज जुळवून घ्या. रोज घातलं तरच सवय होते.

दुसरी चूक बीपीच्या गोळीची. नवऱ्याच्या गोळ्या डबीत वारानुसार भरणारी बाई स्वतःची गोळी “आता बरं वाटतंय” म्हणून सोडते. बीपी दुखत नाही, पण मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब करत राहतो, तोही चाळिशी-पन्नाशीपासून. साखरेचंही तेच.

“दिवसभर कामच तर करते” हे चालण्याला उत्तर नव्हे. ओट्याशी उभं राहून पाय दुखतात, दम लागत नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं भरभर चाला.

बदाम, ब्राह्मी, शब्दकोडी खुशाल चालू द्या. पण विसराळूपणा वाढला तर आधी बी १२ आणि थायरॉइड तपासा. शाकाहारी घरांत बी १२ कमी निघणं नेहमीचंच, आणि ते भरून काढता येतं. पाळी जाताना शब्द आठवत नाहीत, तो बहुतेक वेळा स्मृतिभ्रंश नसतो. मात्र ओळखीच्या रस्त्यावर चुकणं, नेहमीच्या भाजीची कृतीच न सुचणं दिसलं तर डॉक्टरांकडे न्या.

आई आता चहाआधी मशीन घालते. परवा आतूनच ओरडली, “अगं, चार झाल्या, गॅस बंद कर!”