नॉफ्लरचं भारी कुठलं, आवडतं कुठलं: वाद घालायची रीत

ठाण्यात पाचपाखाडीत माझा गिटारचा क्लास आहे. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी शेवटची बॅच सुटली की मी चटया गुंडाळत नाही, कारण सातला आमची मंडळी येतात. एक मित्र ऐरोलीहून ठाणे-वाशी लोकल पकडून येतो, एक जण घोडबंदर रोडवरून स्कूटरने, माझी भाची घंटाळीवरून चालत. चरईतले एक निवृत्त काका सगळ्यांच्या आधी येऊन भिंतीला टेकून बसतात. विषय एकच असतो: मार्क नॉफ्लर, डायर स्ट्रेट्सचा गिटारवादक आणि गायक. त्याचं सगळ्यात भारी काम कोणतं आणि आपलं सगळ्यात आवडतं कोणतं, यावर आम्ही वाद घालतो.

सुरुवातीची दोन-तीन वर्षं हे वाद वाईट जायचे. आवाज चढायचे, गाणी मात्र लागायचीच नाहीत. ऐरोलीकर एकदा चहा अर्धा टाकून उठून गेला होता. तेव्हापासून आम्ही काही गोष्टी पाळायला लागलो आणि त्याचा इतका फायदा झाला की त्या लिहून ठेवाव्यात असं वाटलं. तुमचा गिटारवाला दुसरा कोणी असेल, तरी चालेल.

सगळ्यात आधी, कुठलं रेकॉर्डिंग ते ठरवा. ऐरोलीकर उठून गेला तो याच कारणाने. 'ब्रदर्स इन आर्म्स' या १९८५ च्या अल्बममध्ये 'व्हाय वरी' नावाचं शांत गाणं आहे. तो म्हणायचा, या गाण्याचा खरा जीव शब्द संपल्यानंतरच्या वाजवण्यात आहे, गिटार आणि कीबोर्ड किती वेळ एकमेकांना हळूहळू जागा देत राहतात. मी म्हणायचो, कुठे रे एवढं? गाणं संपतं की लगेच. दोघंही शपथेवर सांगत होतो आणि दोघंही खरं बोलत होतो. तो ऐकत होता सीडी, त्यात हे गाणं साडेआठ मिनिटांचं आहे. माझ्याकडे होती एलपीवरून, म्हणजे मोठ्या काळ्या तबकडीवरून, भरलेली कॅसेट. एलपीवर जागा कमी म्हणून पहिल्या बाजूची गाणी छाटली होती आणि 'व्हाय वरी' साडेपाच मिनिटांच्या आतच आटोपलं होतं. तीन मिनिटांहून जास्त संगीत मी कधी ऐकलंच नव्हतं, आणि त्यावर मत मांडत होतो!

म्हणून आता नुसतं गाण्याचं नाव घेतलं तर आम्ही पुढे ऐकूनच घेत नाही. 'सुल्तान्स ऑफ स्विंग' म्हणालात, तर १९७८ च्या पहिल्या अल्बममधलं, की जुलै १९८३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ ओडियनमध्ये वाजवलेलं आणि 'अल्केमी' या लाइव्ह अल्बमवर आलेलं? पहिलं सहा मिनिटांच्या आतलं, दुसरं दहा मिनिटांहून लांब. ड्रमवाले वेगळे, लय वेगळी. ही दोन वेगळी गाणीच धरा.

दुसरी गोष्ट आवाजाची. हे फार लोकांना माहीत नसतं, पण जे जरा मोठ्याने वाजतं ते कानाला आपोआप चांगलं वाटतं. जुनी सीडी आणि नव्याने मास्टर केलेली, म्हणजे आवाज पुन्हा जुळवून काढलेली, आवृत्ती एकाच बटणावर लावली तर नवी बहुतेक वेळा मोठी वाजते आणि मंडळी म्हणतात, वा, काय खुललंय. तसं नसतं. आम्ही दोन्हीकडे गाण्याची एकच ओळ लावतो आणि नॉफ्लरचा गळा दोन्हीकडे सारख्याच अंतरावरून येतोय असं वाटेपर्यंत बटण फिरवतो. मग गिटारकडे वळायचं. फोनच्या स्पीकरवर तर निकाल लावूच नका. खालचे सूर त्यात येत नाहीत, आणि नॉफ्लरचा अंगठा सगळं खालचंच काम करतो. साधे जुने दोन स्पीकर पुरतात. पंखा मात्र बंद करा. ठाण्यात मे महिन्यात हे जड जातं, पण 'प्रायव्हेट इन्व्हेस्टिगेशन्स'मधली नायलॉनच्या तारांची गिटार इतकी हळू वाजते की पंख्याची घरघर तिला खाऊन टाकते.

गाणं चालू असताना कोणी बोलायचं नाही. एवढं एक पाळलंत तरी निम्मी भांडणं मिटतील.

आता मुख्य गोष्ट. गाणं भारी आहे असं म्हणू नका, जागा दाखवा. आपल्याकडे बैठकीत जाणकार म्हणतात ना, काय जागा घेतली! तीच सवय इथे आणायची. संपूर्ण गाण्यावर मत देणं सोपं असतं आणि त्याला उत्तर देता येत नाही. जागा दाखवली की समोरचा तीच जागा पुन्हा लावून म्हणू शकतो, हो, किंवा नाही, मला इथे काही होत नाही.

एक जागा मी इथेच दाखवतो. १९७८ चं 'सुल्तान्स', शेवटचं मिनिट. डी मायनर, बी फ्लॅट आणि सी, या तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, नॉफ्लर मोडून एकेक सूर करत भराभर वाजवतो. नवे विद्यार्थी हे पिकने, म्हणजे तार छेडायच्या छोट्या चकतीने, वाजवायला बघतात आणि चौथ्या सुराला अडकतात. त्याच्या हातात पिक नाहीच. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, एवढीच वाजवतात. अनामिका आणि करंगळी गिटारच्या अंगावर टेकलेली. तार तो छेडत नाही, बोटाने जरा वर ओढून सोडतो. सुटलेली तार फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावरच्या धातूच्या पट्टीवर, आपटते आणि सुराच्या आधी एक बारीकसा 'टक्' येतो. क्लासमध्ये मी मुलांना डोळे मिटून तो 'टक्' मोजायला सांगतो. तो ऐकू यायला लागला की मग कळतं, वेग हा त्या जागेचा मोठेपणा नाहीच. एवढ्या घाईत प्रत्येक सुराला वेगळी सुरुवात मिळते, हे मोठं. मूळचा डावखुरा माणूस, पण गिटार उजव्या हाताचीच वाजवतो.

माझी भाची याच जागेवर माझ्याशी भांडते. तिला 'अल्केमी'चं लांब रूप भारी वाटतं. तिचं म्हणणं, स्टुडिओत तो गाणं वाजवतो, स्टेजवर तो गाणं वाढवतो, आणि वाढवताना प्रत्येक वळणावर बँड त्याच्यासोबत खाली उतरतो आणि पुन्हा चढतो. तिने जागा दाखवली, आम्ही तीन वेळा ऐकली, आणि बँडबद्दलचं तिचं म्हणणं मला मान्य करावं लागलं.

तरीही माझ्या लेखी भारी ते १९७८ चंच, आणि कारण सोलोत, म्हणजे एकट्या गिटारच्या तुकड्यात, नाही. मी गणपती आणि नवरात्रात दहा-बारा वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवलं. सुपारी आली की ठाणे, कळवा, भिवंडी, कुठेही. पहिल्याच वर्षी आमच्या ऑर्केस्ट्राच्या म्होरक्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, गायकाच्या ओळीवर वाजवू नकोस, ओळ संपली की बोल. हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. 'सुल्तान्स'मध्ये गायक तोच आणि गिटारवालाही तोच. ओळ संपते, गिटार तीन-चार सुरांत उत्तर देते आणि पुढच्या ओळीआधी तिथून निघून जाते. प्रत्येक ओळीला उत्तर वेगळं, एकही दुसऱ्यासारखं नाही. सोलो सगळेच ऐकतात. तुम्ही एकदा नुसत्या या ओळींमधल्या रिकाम्या जागा ऐका.

त्या गाण्यामागची गोष्ट माहीत असेल तर ते आणखी आत जातं. जवळजवळ रिकाम्या पबमध्ये वाजवणारा एक साधा जाझ बँड नॉफ्लरने ऐकला, त्यावरून ते सुचलं. एका नवरात्रात पाऊस कोसळत होता आणि आम्ही समोरच्या ओल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांसाठी रात्री अकरापर्यंत वाजवलं होतं. खुर्च्या मांडणारी दोन पोरं तेवढी उभी होती. त्या रात्री मी माझ्या आयुष्यातले सर्वांत स्वच्छ पीस वाजवले.

इथे मी भारीवरून आवडत्यावर घसरलो, बघा. हे सगळ्यांचंच होतं, म्हणून दोन्ही प्रश्न एका शनिवारी घेऊ नका. भारी म्हणजे ज्याला जागा दाखवून दुसऱ्याला पटवता येतं ते. आवडतं म्हणजे जे पटवायची गरज नसते. आवडत्याच्या शनिवारी कोणी कोणाला खोडून काढायचं नाही. फक्त ते गाणं तुमच्याकडे कसं आलं ते सांगायचं, मग ते लावायचं. चरईतल्या काकांचं आवडतं 'गोइंग होम' आहे, १९८३ च्या 'लोकल हिरो' चित्रपटातलं, बिनशब्दांचं. न्यूकॅसलच्या फुटबॉल मैदानावर घरच्या सामन्यांना ही धून वाजते, आणि नॉफ्लर न्यूकॅसलकडेच वाढला. काकांनी ती पहिल्यांदा कोणाबरोबर ऐकली ते त्यांनी आम्हाला सांगितलं आहे, मी ते इथे लिहिणार नाही. भारीच्या यादीत काका ती धून घालत नाहीत. हा फरक त्यांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगला कळतो.

पहिल्यांदाच बसणार असाल तर पाच रेकॉर्डिंग पुरेत. स्टुडिओतलं 'सुल्तान्स'. १९८० च्या 'मेकिंग मूव्हीज'मधलं 'टनेल ऑफ लव्ह', कारण त्याच्या शेवटी पियानोबरोबर सगळं शांत होतं आणि मग गिटार हळूहळू पुन्हा उभी राहते. ते व्हिटली बेमधल्या त्याच्या लहानपणच्या जत्रेचं गाणं आहे, आणि जत्रा उठून गेल्यावरचं मैदान त्या शेवटात दिसतं. त्याच अल्बममधलं 'रोमिओ अँड ज्युलिएट', धातूच्या अंगाच्या नॅशनल गिटारसाठी, जी 'ब्रदर्स इन आर्म्स'च्या मुखपृष्ठावर आहे. १९८२ चं 'टेलिग्राफ रोड', चौदा मिनिटं, मध्ये कोणी उठायचं नाही. आणि नंतरच्या काळातलं एक तरी घ्या, २००० च्या 'सेलिंग टू फिलाडेल्फिया'मधलं 'स्पीडवे ॲट नाझरेथ'. बँड मोडल्यावर त्याचं वाजवणं ओसरलं असं म्हणणाऱ्यांना त्याचा शेवट ऐकवा.

दुसऱ्या गिटारवाल्याचं नाव काढायचं नाही. क्लॅप्टन मोठा की हा मोठा, हा वेगळा शनिवार आहे. १९८८ मध्ये वेम्ब्लीत मंडेलांच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्तच्या कार्यक्रमात क्लॅप्टन डायर स्ट्रेट्सबरोबर वाजवत होता, त्या दोघांना हा प्रश्न पडलेला दिसत नाही. सामानावरही फार वेळ घालवू नका. जानेवारी २०२४ मध्ये नॉफ्लरने आपल्या गिटार आणि ॲम्प्लिफायर, मिळून १२० हून जास्त वस्तू, लंडनला लिलावात विकल्या. बोटं काही विकली नाहीत. मार्च २००५ मध्ये तो मुंबईत वाजवून गेला तेव्हा तिथे असलेल्यांनी 'तुम्ही नव्हतात, तुम्हाला नाही कळणार' हे वाक्य वापरायचं नाही. मी होतो, म्हणून हा नियम मीच घातला.

कोणी मत बदललं तर त्याला चिडवू नका. वहीत तारखेसह लिहून ठेवा. आमच्या वहीत भाचीची तीन वर्षांत चार मतं आहेत आणि चारही वेळा तिने जागा दाखवली आहे.

माझं आवडतं राहिलं. तेही कॅसेटवरचंच. ती मी १९८९ मध्ये एका दुकानातून एलपीवरून भरून घेतली होती. नव्वद मिनिटांची टेप, एका बाजूला पंचेचाळीस. अल्बम एलपीवरही त्याहून दोन-अडीच मिनिटं मोठा. दुकानदाराने मोजलं नाही की सांगितलं नाही, कोण जाणे. शेवटचं गाणं, 'ब्रदर्स इन आर्म्स', शेवटच्या सोलोत तुटायचं. लेस पॉल गिटार, व्हॉल्यूमच्या पेडलमुळे सूर सारंगीसारखा आतून वर येतोय, एक मींड वर चढतेय, आणि खट्. बटण वर उडायचं. सात वर्षं मी ते गाणं तसंच ऐकलं. पुढे काय असेल ते गिटारवर स्वतः वाजवून बघायचो, रोज वेगळं. १९९६ मध्ये गोखले रोडवर एका दुकानात सीडी लागलेली असताना तो शेवट पहिल्यांदा कानावर पडला. मी हातातली पिशवी खाली ठेवली आणि उभा राहिलो.

गेल्या महिन्यात आवडत्याचा शनिवार होता. मी ती कॅसेट नेली. टेप ताणली गेली आहे, सूर जरा खाली उतरलाय. सगळ्यांनी ऐकलं, आणि खट् झालं. कोणी काही बोललं नाही. मग ऐरोलीकर उठला, त्याने आपली सीडी लावली, अंदाजाने पुढे नेली आणि मींड चढते तिथे आणून सोडली. उरलेलं गाणं विरून जाईपर्यंत त्याची वाशीकडची गाडी निघून गेली होती. तो म्हणाला, पुढची पकडतो.