दुसऱ्याचं दुःख ऐकताना स्वतः कसं सावरावं

मी सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात स्टाफ नर्स आहे, 19 वर्षं झाली. नव्या मुली रुजू झाल्या की दोन-तीन महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो. "सिस्टर, सगळंच मनाला लावून घेतलं तर आपण टिकणार कशा? आणि नाही लावून घेतलं तर दगड नाही का होणार?" त्यांना जे सांगते तेच इथे क्रमाने लिहिते आहे. बँकेच्या काउंटरवर बसणाऱ्याला, वर्गात शिकवणाऱ्याला, घरी आजारी माणसाचं करणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल.

पहिली पायरी : रागामागची भीती शोधा

रात्री दोनचा सुमार होता. दहा नंबरच्या बेडजवळून एक मुलगा तरातरा आला. "सलाईन संपलंय! कुणाला काही पडलीय की नाही?" बाटलीत अजून तीन बोटं पाणी होतं, ते मला टेबलावरूनच दिसत होतं. "संपलेलं नाही, बसा जाऊन," हे अगदी खरं उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याच्या हातांकडे लक्ष गेलं. केसपेपरची सुरळी करून तो ती पिळत होता.

मी उठून त्याच्याबरोबर बेडपर्यंत गेले आणि विचारलं, "संपलं की हवा आत जाईल असं वाटलं का?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "हो. हवा गेली की माणूस जातो म्हणतात." मग बाटली संपली तरी नळीत पाणी उरतं, हवा लगेच शिरेत जात नाही, हे त्याला नळी दाखवून सांगितलं. बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा लावला. "पाणी इथवर आलं की मला हाक मारा." पाणी पट्टीपर्यंत आलं तेव्हा त्याने येऊन हळूच सांगितलं. नंतर तो वडिलांच्या पायथ्याशी झोपला.

यात माझी पाच मिनिटं गेली. वाद घातला असता तर पंधरा गेली असती आणि उरलेली रात्र दोघांचीही खराब झाली असती. म्हणून चढलेला आवाज ऐकू आला की उत्तर देण्याआधी त्या माणसाच्या हातांकडे बघा आणि एक प्रश्न विचारा : नेमकी कशाची धास्ती वाटतेय? साहेब ओरडत असतील किंवा सासूबाई चिडल्या असतील, तिथेही हाच प्रश्न मनात धरा.

दुसरी पायरी : तयार वाक्यं गिळा

"काळजी करू नका, सगळं ठीक होईल." "नशिबात असतं ते होतंच." "आमच्या वहिनींनाही अगदी असंच झालं होतं." तिन्ही वाक्यं चांगल्या मनाने येतात, पण तिन्हींमुळे समोरच्याचं बोलणं तिथेच थांबतं. त्याऐवजी त्याने जे सांगितलं तेच आपल्या शब्दांत परत सांगा : "म्हणजे कालपासून तुम्ही एकटेच धावपळ करताय." मग गप्प राहा. गप्प राहणं सुरुवातीला फार जड जातं, सरावाने जमतं.

कार्ल रॉजर्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1957 च्या एका लेखात समानुभूतीची व्याख्या केली आहे. दुसऱ्याचं जग 'जणू' आपलंच आहे असं अनुभवायचं, पण तो 'जणू' कधीही सुटू द्यायचा नाही. मला ही व्याख्या रोज लागते. रडणाऱ्या मुलीजवळ उभी असताना मी मनात म्हणते, हिचे वडील आहेत, माझे नाहीत. असं म्हटल्याने मी कोरडी होत नाही. तिचा हात धरायला माझा हात मोकळा राहतो.

तिसरी पायरी : कळवळ्याला काम द्या

हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधकांनी काही लोकांना आधी दुसऱ्याचं दुःख स्वतः अनुभवण्याचा सराव दिला. दुःखद चित्रफिती बघताना त्यांचं मन अधिकच खचू लागलं. मग त्याच लोकांना अनुकंपेचा, म्हणजे समोरच्याचं भलं व्हावं ही इच्छा मनात धरण्याचा, सराव दिला. तेव्हा खच्चीकरण कमी झालं आणि मनाला उभारी आली.

वॉर्डात ही इच्छा मी हातांनी करायच्या कामात घालते. उशी नीट करते, नातेवाइकाला चहा कुठे मिळेल ते सांगते, डॉक्टर राउंडला किती वाजता येतात ते कागदावर लिहून देते. आजार माझ्या हातात नसतो, चादर असते. घरी मैत्रिणीचा रडवेला फोन आला तर तिला विचारा, "उद्या तुझ्याबरोबर येऊ का?"

चौथी पायरी : ड्यूटी संपते तिथे रेघ ओढा

हँडओव्हर दिला की मी हात धुते आणि धुताना स्वतःला सांगते, आता पेशंट पुढच्या सिस्टरकडे. तरीही एखादा प्रसंग डोक्यातून जात नाही. त्यासाठी वही ठेवा. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या 1986 च्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, मनाला लागलेल्या घटनांबद्दल लिहिलं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत कमी झाल्या. मात्र लिहिल्या लिहिल्या मन जड होतं, त्यांचंही झालं होतं. म्हणून झोपायच्या तोंडावर लिहू नका.

पाचवी पायरी : घरच्यांना उरलंसुरलं देऊ नका

एकदा लेक मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगत होती. मी म्हणाले, "कधीपासून? आधी असं झालं होतं का?" ती गप्पच झाली. पेशंटची हिस्टरी घेतात तशी मी तिला प्रश्न विचारत होते. तेव्हापासून घरी आले की आधी सांगते, "मला अर्धा तास दे, मग सगळं ऐकते." आणि अर्ध्या तासाने खरंच तिच्याजवळ जाऊन बसते.

सहावी पायरी : एक हक्काचं माणूस ठेवा

हवाई बेटांपैकी कौआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ या मानसशास्त्रज्ञांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईवडिलांचे आजार अशा ओझ्याखाली वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं चांगली कर्ती झाली. त्यांच्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा आढळली. आजी, शेजारी, शिक्षक, कुणीतरी एक माणूस त्यांच्या पाठीशी ठाम उभं होतं. माझ्यासाठी ते माणूस म्हणजे आमच्या वॉर्डातल्या मावशी. वाईट रात्रीनंतर त्या एवढंच म्हणतात, "सिस्टर, चला, चहा घेऊ."

आणि हे सोसणं नव्हे

तग धरणं म्हणजे तोंड मिटून सोसणं, असं बायकांना फार लवकर शिकवलं जातं. ते मला मान्य नाही. दोघींचं काम एकीवर पडत असेल तर तारखेसह लेखी कळवा. कुणी अंगावर धावून आलं तर समजून घेत बसू नका, आधी सुरक्षारक्षकाला बोलवा.

दोन आठवडे झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर वही किंवा चहा पुरत नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. दिवसरात्र केव्हाही फोन करा, मराठीत बोलता येतं. हा क्रमांक मी ड्रेसिंग ट्रॉलीच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवला आहे. तुम्ही आत्ताच मोबाइलमध्ये घालून ठेवा.